नागपुरात पीजी-पीएचडीसाठी स्वस्त रूम: आधी मे महिना बघा, मग किराया

जून लागला की गावाकडून, म्हणजे आमच्या चिमूर-ब्रह्मपुरी भागातून, कोणाचा नं कोणाचा फोन येतोच. ताई ॲडमिशन झाली, आता रूम कुठं बघू, चार हजाराच्या आत पाहिजे. मी सात वर्षांपासून नागपुरात आहे, आधी एमएस्सी अन् आता पीएचडी, नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोडच्या कॅम्पसला, आणि या सात वर्षांत चार रूम बदलल्या. दोन रूम चुकीच्या घेतल्या होत्या अन् दोन्ही वेळेस चूक एकच, मी फक्त किराया विचारला. म्हणून फोनवर जे तुकड्या-तुकड्यात सांगते ते एकदा नीट लिहून काढते.

माझं म्हणणं एवढंच आहे की नागपुरात रूम दोन गोष्टींवरून निवडायची. एक म्हणजे तुमची लॅब किंवा लायब्ररी रात्री किती वाजता सुटते, आणि दुसरी म्हणजे ती रूम मे महिन्यात कशी राहील. एरिया, किराया, लेट-बाथ अटॅच आहे का, हे सगळं त्याच्यानंतर. पीजीवाल्याचं आयुष्य बीएस्सीच्या पोरासारखं नसते, दुपारी दोनला सुटून घरी आलो असं होत नाही, रात्री साडेनऊला रिॲक्शन संपते अन् मग तुम्हाला घरी जायचं असते, आणि उन्हाळ्यात सगळे गावाला जातात तेव्हा तुम्ही इथंच थिसिस लिहून राहिलेले असता.

वाडीची तीन हजाराची रूम

माझी पहिली रूम वाडीला होती. किराया ३००० रुपये, स्वतंत्र ओटा, खिडकीतून मोकळी हवा, मला वाटलं लॉटरी लागली. अमरावती रोड सरळ आहे, वाडीहून सीताबर्डीकडे शेअर ऑटो चालू असतात, कॅम्पसच्या गेटवर उतरायचे माझ्याकडून २० रुपये घ्यायचे. सकाळचं काहीच अडचण नव्हतं. पण संध्याकाळी सात-साडेसातनंतर शेअर ऑटो भरल्याशिवाय निघत नाही, अन् नऊनंतर एकट्या मुलीला भरलेल्या ऑटोत बसावंसं वाटत नाही, मग स्पेशल ऑटो करायचा, १२० रुपये. महिन्याचा हिशेब मी वहीत लिहिला होता तो अजून आहे. सव्वीस दिवस जायचे ५२०, दहा दिवस लवकर सुटले त्याचे परतीचे २००, आणि उरलेले सोळा दिवस स्पेशल ऑटो, १९२० रुपये. म्हणजे २६४० नुसते येण्याजाण्याचे. तीन हजाराची रूम मला ५६४० ला पडत होती, अन् त्याच वेळेस माझी मैत्रीण पांढराबोडीत ४२०० देऊन पायी यायची.

वाडी वाईट आहे असं नाही. ज्याच्याकडे गाडी आहे, जो सहाला मोकळा होतो, त्याला वाडी, दत्तवाडी, दाभा हा पट्टा आजही परवडतो, शिवाय वाडीला स्वतःची नगर परिषद आहे, बाजार आहे, दवाखाने आहेत, सगळं जागेवर मिळते. फक्त हायवेवरचे ट्रक अन् धूळ लक्षात ठेवा, रस्त्याला लागून असलेल्या रूममध्ये कपडे वाळत घालायची सोय नाही. पण गाडी नसेल आणि लॅबची वेळ तुमच्या हातात नसेल तर तिथली स्वस्ताई खरी नाही. एक सोपा नियम सांगते, रूमचा किराया लिहिला की त्याच्या खाली लगेच रात्री साडेनऊचं भाडं लिहा, सकाळचं नाही.

भिंतीला हात लावून बघा

आता मे महिना. बाहेरून, म्हणजे कोकण-पश्चिम महाराष्ट्राकडून येणाऱ्यांना हे पटत नाही, पण नागपूरचं ऊन ४५ च्या वर जाते तेव्हा रूम ही रूम राहत नाही. माझी दुसरी रूम पांढराबोडीत होती, मैत्रिणीच्या घराच्या मागच्या गल्लीत, वरच्या माळ्यावर, डोक्यावर डायरेक्ट स्लॅब. जानेवारीत घेतली होती, तेव्हा ऊबदार वाटायची, मी खूश. एप्रिलच्या मधात एका संध्याकाळी लॅबमधून आली, आठ वाजून गेले होते, अंधार पडला होता, पलंग भिंतीला लागून होता म्हणून टेकून बसली अन् पाठ एकदम उचलली. भिंत तव्यासारखी होती. सूर्य बुडून दीड तास झाला होता. पंखा लावला तर वरून गरम हवा, टाकीतलं पाणी गरम, स्टीलचा डब्बा उघडला तर भाजीला वास सुटलेला. त्या रात्री मी चादर ओली करून गच्चीवर झोपली, अन् पुढचा दीड महिना तसाच काढला. मे महिन्यात माझं एक पान लिहून झालं नाही.

म्हणून सांगते, रूम बघायला संध्याकाळी सात-साडेसातला जा आणि पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावा. एप्रिलमध्ये बघत असाल तर लगेच समजते. जून-जुलैत बघत असाल तर वर बघा, डोक्यावर अजून एक माळा आहे का? असेल तर ५०० रुपये जास्त द्यायला हरकत नाही. पश्चिमेला दुसऱ्याचं घर लागून आहे का, किंवा झाड आहे का? टिनाच्या खोल्या कितीही स्वस्त असू द्या, उन्हाळ्यात इथं राहणार असाल तर घेऊच नका.

मग कूलर. नागपुरात एसी परवडत नाही अन् पंख्यानं भागत नाही, त्यामुळे कूलर पाहिजेच, आणि कूलरचे प्रश्न रूम घ्यायच्या आधीच विचारायचे असतात. खिडकीबाहेर स्टँड लावू देता का? खिडकीत लावता येत नसेल अन् आत ठेवायचा असेल तर हवा बाहेर जायला दुसरी खिडकी आहे का, कारण बंद खोलीत कूलर लावला तर नुसता दमटपणा होते, थंड होत नाही. कूलरमध्ये भरायला पाणी किती वेळ येते, की खालून बकेटीनं न्यायचं? बऱ्याच घरमालकांचं ठरलेलं असते, कूलर लावला तर महिन्याचे वेगळे पैसे. ते आधीच बोलून घ्या, मार्चमध्ये समजलं तर तुम्ही अडकलेले असता.

लाईट बिलाचं पण इथंच सांगून टाकते. घरगुती कूलर साधारण २०० वॉटचा धरा, बारा तास चालला तर दिवसाचे जवळपास अडीच युनिट, महिन्याचे ७२ युनिट. घरमालक सबमीटरवर १२ रुपये युनिट लावत असेल तर नुसत्या कूलरचे ८६४ रुपये झाले. महावितरणचा दर १०० युनिटपर्यंत कमी असतो अन् त्याच्या वर एकदम चढतो. तुमच्या खोलीला स्वतंत्र मीटर असेल तर तुम्ही एकटे शंभरच्या आत राहू शकता. पण चार खोल्या एकाच मीटरवर असल्या तर प्रत्येकाचे सत्तर-सत्तर धरले तरी २८० होतात, बिल वरच्या दरात जाते, अन् तो वाढीव पैसा सगळ्यांच्या अंगावर येते. त्यामुळे "लाईट बिल वेगळं" एवढं ऐकून मान हलवू नका. मीटर कोणाचं, किती खोल्यांचं, युनिटला किती, हे तीन प्रश्न विचारा अन् मागच्या मे महिन्याचं बिल दाखवा म्हणा. चांगले घरमालक दाखवतात.

तळमजला का नको

वरचा माळा तापते म्हणून सगळे तळमजल्याकडे पळतात, आणि तळमजला खरंच थंड राहते. पण २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. रात्रीतून ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नागनदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगरच्या घरांमध्ये घुसलं. माझी एक ज्युनिअर तिथंच तळमजल्यावर राहायची. ती पलंगावर उभी राहून फोन लावून राहिली होती अन् खाली तिच्या लॅबच्या वह्या पाण्यावर तरंगून राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या तीन वर्षांच्या नोंदी कॅम्पसमध्ये आणून दोरीवर वाळत घातल्या, पेनची शाई पसरून गेली होती, अर्ध्या आकड्यांचा पत्ताच नाही. त्या एरियात किराया बऱ्यापैकी आहे तरी रूम मिळाली म्हणून ती खूश होती बिचारी.

नागनदी अन् नाल्यांच्या काठाची रूम बघत असाल तर शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा, दादा, त्या वर्षी पाणी कुठपर्यंत आलं होतं? तो भिंतीवर हात ठेवून दाखवते. घरमालकाला विचारून उपयोग नाही. मधला माळा मिळाला तर सगळ्यात चांगलं, ना तापत ना बुडत. नाही मिळाला तर तळमजला चालेल पण उंचावरचा, आणि वह्या, लॅपटॉप, सर्टिफिकेट कायम वरच्या फळीवर.

कोणत्या कॉलेजसाठी कोणता भाग

नागपूर विद्यापीठाचे बरेच डिपार्टमेंट अमरावती रोडच्या कॅम्पसला आहेत, एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट, पण याच रोडवर. आमच्या सगळ्यांचा पहिला प्रश्न असते धरमपेठ-रविनगरला मिळेल का. मिळते, पण धरमपेठ, गोकुळपेठ, भरतनगर, रामनगरचा समोरचा भाग इथं किराया तुमच्या आधी नोकरीवाले अन् कोचिंगवाले वाढवून बसले आहेत. मी तीन महिने धरमपेठेत पेइंग गेस्ट म्हणून राहिली, तिघींत एक खोली, जेवण धरून ८५०० द्यायची, अन् रात्री दहाला गेट बंद. पीएचडीवाल्याला ते जमत नाही. त्याच्यापेक्षा मुख्य रस्त्याच्या मागे या. पांढराबोडी, तेलंगखेडी, हिलटॉपच्या खालची बाजू, थोडं पलीकडे सुरेंद्रगड, हजारीपहाड, गिट्टीखदान. इथं घरं दाट आहेत, गल्ल्या अरुंद आहेत, लोक नावं ठेवतात की वस्ती आहे म्हणून, पण मी चार वर्षांपासून तेलंगखेडीत राहून राहिली अन् मला एकदाही भीती वाटली नाही. रात्री दहाला गल्लीत बाया ओट्यावर बसलेल्या असतात, कोणाचा टीव्ही चालू असते, कोणी विचारते आज उशीर झाला काय गं. सामसूम लेआउटपेक्षा हे मला कितीतरी सुरक्षित वाटते. उलट कॅम्पसचा आतला रस्ता अन् अंबाझरी बायपासचा पट्टा रात्री एकट्यानं पायी करायचा नाही, दिवे असले तरी वस्ती नाही.

एक लक्षात ठेवा, अमरावती रोडनं मेट्रो जात नाही. मेट्रो जवळ आहे म्हणून कोणी सुभाषनगर किंवा एलएडी चौकाची रूम दाखवली तर तिथून कॅम्पस कसं गाठणार ते स्वतः एकदा जाऊन बघा.

व्हीएनआयटी, म्हणजे इंजिनिअरिंगच्या राष्ट्रीय संस्थेत असणाऱ्यांचं वेगळं. बजाजनगर, लक्ष्मीनगर, माधवनगर, अभ्यंकरनगर हे सगळं गेटला लागून अन् सगळं महाग. पण माटे चौक ओलांडून गोपालनगर, पडोळे चौक, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, स्वावलंबीनगर इकडे आलं की जुनी दोन मजली घरं आहेत, रिटायर काका-काकूंनी वरचा भाग दोन-दोन खोल्या करून दिलेला असते, तिघा-चौघांनी मिळून घेतलं तर डोक्यावर फार येत नाही. आयटी पार्ककडचा रस्ता टाळा, संध्याकाळी खाण्याच्या गाड्यांची गर्दी अन् आवाज रात्री उशिरापर्यंत असते. अजून कमी पाहिजे असेल तर जयताळा किंवा हिंगणा रोडची बाजू. तिथून मेट्रोची ॲक्वा लाईन आहे, लोकमान्यनगर, बन्सीनगर, वासुदेवनगर, रचना रिंगरोड, सुभाषनगर असे स्टेशन लागतात, सायकल स्टेशनपर्यंत अन् पुढे मेट्रो असं करणारी दोन-तीन पोरं माझ्या ओळखीत आहेत. मेट्रो रात्री दहाच्या आसपास बंद होते, म्हणजे परत तोच साडेनऊचा प्रश्न.

मेडिकलला, म्हणजे शासकीय मेडिकल कॉलेजला, पीजी करणाऱ्यांना होस्टेल असतेच बहुतेक, पण बाकीच्या कोर्सवाल्यांसाठी हनुमाननगर, वंजारीनगर, रामबाग, उंटखाना, चंदननगर, अन् थोडं पुढे तुकडोजी पुतळा चौक ते मानेवाडा रोड. रेशीमबाग-सक्करदऱ्याकडे स्पर्धा परीक्षेवाल्यांची गर्दी आहे, त्याचा फायदा हा की अभ्यासिका अन् मेस पावलापावलावर मिळतात, अन् तोटा हा की जून-जुलैत एक खोली रिकामी नसते. मेयोवाल्यांनी, म्हणजे इंदिरा गांधी मेडिकल कॉलेजवाल्यांनी, महाल, इतवारी, गांधीबागेकडे जरूर बघावं. जुने वाडे आहेत, भिंती जाड, उन्हाळ्यात नवीन घरांपेक्षा थंड राहतात, अग्रसेन चौक, दोसर वैश्य चौक असे मेट्रो स्टेशनही जवळ. फक्त संडास कॉमन आहे का अन् किती जणांत ते बघून घ्या. अन् बाजारपेठेचा गोंगाट ज्याला चालत नाही त्यानं जाऊ नये.

मिहानकडे, एम्स-आयआयएमच्या बाजूला ज्यांना रोज जायचं आहे त्यांना लोक बेसा, बेलतरोडी, मनीषनगर, चिंचभवन सुचवतात. नवीन फ्लॅट आहेत, चौघांनी मिळून टू बीएचके घेतला तर स्वस्त पडते. पण या बाहेरच्या लेआउटमध्ये पहिला प्रश्न पाण्याचा. नळ आहे की बोअर, बोअर मे महिन्यात चालते का, टँकर आणला तर पैसे कोण देते? हे चारही जणांसमोर विचारा. ऑरेंज लाईन खापरीपर्यंत जाते, पण खापरी स्टेशनपासून पुढचा प्रवास तुमचा तुम्हालाच करायचा आहे.

आणि एक भाग आहे जो आपल्याकडचे पोरं बघतच नाहीत, तो म्हणजे उत्तर नागपूर. इंदोरा, कमाल चौक, वैशालीनगर, जरीपटका, मानकापूर, झिंगाबाई टाकळी. ऑरेंज लाईन कडबी चौक, इंदोरा, नारी रोड करत ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत गेली आहे, सिव्हिल लाईन्सला, महाराजबागेच्या कृषी महाविद्यालयात, सीताबर्डीला जायचं असेल तर कस्तुरचंद पार्क, झिरो माईल, सीताबर्डी ही स्टेशनं सरळ त्याच लाईनवर आहेत. किराया पश्चिम नागपूरपेक्षा कमी. तिकडे नको, असं सांगणाऱ्यांना मी विचारते, काऊन नको? कधी राहिले का तुम्ही? बहुतेक कोणी राहिलेलं नसते.

रूम शोधायची कशी

जूनच्या शेवटी सुटकेस घेऊन उतरलात तर जे उरलं आहे ते मिळेल. एप्रिल-मे मध्ये परीक्षा संपल्या की जुने पोरं खोल्या सोडतात, तेव्हा एक शनिवार-रविवार काढून या, उन्हाचा त्रास होईल पण तोच तर बघायचा आहे. ॲपवर बघा, पण ॲपवर दिसते ती बहुतेक दलालाची रूम, एक महिन्याचा किराया त्याला जाते. विद्यार्थ्यांच्या एक-एक खोल्या तिथं फारशा येत नाहीत, त्या गल्लीत लाईटच्या खांबावर, गेटवर, हातानं लिहिलेल्या पाटीवर असतात. पायी फिरावं लागते.

सगळ्यात जास्त माहिती कोणाजवळ असते सांगू? डब्बेवाल्याजवळ. मेसचा डब्बा घरोघरी पोचवणारा जो दादा असते, त्याला कोणत्या खोलीतला डब्बा पुढच्या महिन्यापासून बंद होणार हे घरमालकाच्याही आधी माहीत असते. माझी आत्ताची रूम मला अशीच मिळाली. दादा, इकडे कोणी रूम सोडून राहिलं का, एवढंच विचारलं, तर तो म्हणाला, "त्या निळ्या गेटवाल्या काकूंकडे जा ताई, तिथल्या मॅडमची नोकरी लागली यवतमाळला, तीस तारखेपर्यंतच डब्बा आहे." मी त्याच संध्याकाळी गेली, पाटी लागायच्या आधी रूम ठरली. डब्ब्याचा भाव पण रूम बघतानाच विचारून ठेवा, मी दोन वेळचे २८०० देते, रविवारी संध्याकाळी सुट्टी. ज्या गल्लीत दोन-तीन मेसचे डब्बे येतात तिथं भाव आटोक्यात राहते. जिथं एकच मेस आहे तिथं ती म्हणेल तो भाव.

झेरॉक्सवाला, पंक्चरवाला, प्रेसवाल्या मावशी, यांनाही विचारा. अन् डिपार्टमेंटचे सीनिअर, जे यंदा सबमिट करणार आहेत, त्यांची नावं काढा अन् जाऊन भेटा.

आडनाव विचारतात तेव्हा

हे लिहावं की नाही असा विचार केला, पण न लिहिणं खोटं होईल. खोली दाखवायच्या आधी आडनाव विचारतात. आडनावावरून समजलं नाही तर गाव विचारतात, मग "कोण्या समाजाचे" असं सरळ विचारतात. सकाळी रिकामी असलेली रूम दुपारी "आत्ताच गेली" होते. माझ्या बौद्ध मैत्रिणीला, गडचिरोलीच्या आदिवासी मित्राला, मुस्लिम क्लासमेटला, तिघांनाही हे झालं आहे, एकाच शहरात, एकाच महिन्यात. रिसर्च करायला आलेल्या पोराला चार-चार दारांवरून परत पाठवतात हे मला अजूनही सहन होत नाही. तुम्ही नाव लपवून रूम घेऊ नका, नंतर समजलं तर मधातच निघायला सांगतात अन् डिपॉझिट अडकते. आधीच फोनवर पूर्ण नाव सांगा, ज्याला नको त्याच्या दारापर्यंत जायचा ऑटो तरी वाचते. ओळखीच्या सीनिअरला सोबत न्या, फरक पडते. आणि जे घरमालक असं काही विचारत नाहीत त्यांचे नंबर आपापल्या डिपार्टमेंटच्या ग्रुपमध्ये, त्यांना विचारून, जपून ठेवा अन् पुढच्यांना द्या. आम्ही आमच्या डिपार्टमेंटला अशी यादी करून ठेवली आहे, दरवर्षी दोन-तीन नावं वाढतात.

मुलींना वेळेचं बंधन असते. ते आधी बोलायचं. मी काकूंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की माझं काम लॅबचं आहे, हप्त्यातून तीन-चार दिवस दहा वाजतात, तुम्हाला चालत असेल तरच घेते. त्यांनी विचार करायला एक दिवस घेतला अन् गेटची दुसरी चाबी दिली. गाईडचं सही-शिक्क्याचं पत्र दाखवलं तर बऱ्याच घरमालकांचं समाधान होते, मुलांनी पण न्यावं.

कागदपत्रं, यात आळस नको

तोंडी ठरवून राहणारे खूप आहेत. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे खोली किरायानं राहायला देण्याचा, करार लेखी करून नोंदवावा लागते आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, ११ महिन्यांचा असला तरी. ऑनलाईन नोंदणी होते. घरमालक कुरकुर करतात, खर्च अर्धा-अर्धा करू म्हणा, कारण तो कागद तुम्हालाच जास्त कामाचा आहे. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या पीजीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, नागपूरसारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात, राहणं-जेवणं धरून. अटी नीट वाचा अन् बाहेर किरायानं राहता याचा पुरावा तयार ठेवा. करार नाही म्हणून माझ्या रूम पार्टनरचा अर्ज परत आला होता, अन् तेव्हा घरमालक सही द्यायला तयार नव्हता. वर्ष गेलं तिचं.

डिपॉझिट विद्यार्थ्याच्या खोलीला एक-दोन महिन्यांचं ठीक आहे. देताना ऑनलाईन द्या, नगद नको. राहायला जायच्या दिवशी रिकाम्या खोलीचा व्हिडिओ काढा, भिंतीची ओल, नळ, पंखा, मीटरचा आकडा, सगळं, अन् घरमालकाला पाठवून ठेवा. माझ्या दुसऱ्या रूमचं डिपॉझिट "भिंत खराब केली" म्हणून कापलं होतं, ती भिंत मी गेली तेव्हाच पोपडे निघालेली होती पण माझ्याजवळ दाखवायला काही नव्हतं. फेलोशिपवाल्यांनी अजून एक करायचं, फेलोशिप महिन्याच्या महिन्याला येत नाही, कधी चार-पाच महिन्यांची एकदम येते, तेव्हा ती आली की पहिले तीन महिन्यांचा किराया अन् डब्ब्याचे पैसे बाजूला काढून ठेवा. घरमालकाला आधीच सांगितलं असलं की पैसे असे येतात, तर तो थांबते. न सांगता दोन महिने चुकवले तर नाही थांबत.

मी यंदा ऑगस्टमध्ये सबमिट करून रूम सोडणार आहे. काकूंना सांगून ठेवलं आहे की पाटी लावू नका, गोंदियाहून एक मुलगी येऊन राहिली आमच्याच डिपार्टमेंटला, तिला देऊ. ती मे महिन्यात येऊन रूम बघून गेली, संध्याकाळी साडेसातला, मी तिला पश्चिमेच्या भिंतीला हात लावायला सांगितला. कूलर मी तिला अर्ध्या किमतीत देते आहे, त्याच्या गवताच्या ताट्या तेवढ्या नवीन घ्याव्या लागतील. खिडकीबाहेरचं स्टँड माझ्याही आधीच्या मॅडमनं लावलेलं आहे, ते काढायचं नाही असं आमचं ठरलं आहे.